हातमोजा घालून, न वाचता

डेपोमागची खोली,
१२ नोव्हेंबर

भिंगरीस आजीचे आशीर्वाद, आणि सोबत एक चापट, कारण पत्र दीड महिन्याने आलं.

शेजारची शिवणवाली लिहायला बसली आहे. मी बोलते, ती लिहिते. तिला बजावलंय, मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, मध्ये स्वतःच्या अकलेचं ठिगळ लावायचं नाही. (लावलंच. कशी आहेस भिंगरी? - काकू)

तुझं पत्र तिने दोनदा वाचून दाखवलं. मला कळलं ते असं. बर्फाचा कडा सुटून माणूस गाडला गेला तर त्याला शोधायला जे यंत्र गळ्यात घालतात, ते कसं असावं याचे नियम तुमची समिती लिहिते आहे. म्हणजे अकरा माणसं उबदार खोलीत बसून बर्फाला शिस्त लावणार. उंटावरून शेळ्या हाकायच्या नोकऱ्या असतात हे वेळेवर कळलं असतं, तर मीही शाळेत गेले असते.

तू विचारतेस की रस्ता साफ करणाऱ्या टोळीबरोबर मी सतरा हिवाळे जेवणाचे डबे घेऊन ट्रकमधून हिंडले, शेवटचे तीन हिवाळे ते यंत्र माझ्याही गळ्यात होतं, तर त्यात खटकलं काय ते सांग. आम्ही त्याला टिकटिक्या म्हणायचो. चालता-फिरता तो आपला "मी इथे, मी इथे" अशी हाक धाडत राहतो. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापली खुंटी फिरवून तो धाडण्यावरून शोधण्यावर आणायचा. मग तो गाडलेल्याची हाक ऐकतो आणि किती अंतर उरलं ते आकड्यात दाखवतो. आकडे मला येतात. घड्याळाने शिकवले. अक्षरं शिकवायला कुणाला सवड झाली नाही.

पण आधी तुझ्या फोटोतले ते हातमोजे. चाचणीघरात हे घालून तुम्ही खुंट्या फिरवता? असले हातमोजे घालून ससे कुरवाळतात! वरच्या वळणावर वारा सुटला की पाच बोटं पाच दिशांना गारठतात. आम्ही खोळीचे घालतो. अंगठा तेवढा वेगळा, बाकी चौघी एका पांघरुणात. त्यात हात म्हणजे नुसता सोटा. शिवणवालीने शिवलेली एक जोडी पाठवते. आत लोकर, वर मेणकापड, तळव्याला जुन्या पट्ट्याचं चामडं. हे घालून फिरव म्हणावं, मग नियम लिही.

बाकी माझे गुडघे ठीक. म्हणजे आहेत.

आजी

&nbsp;

चाचणीघर, दुसरा मजला,
२९ नोव्हेंबर

आजीला नमस्कार, काकूंना नमस्कार.

चापट पोचली. हातमोजेही पोचले, आणि त्यांनी इथे गोंधळ उडवलाय.

नऊ कंपन्यांची यंत्रं आम्ही थंडपेटीत रात्रभर ठेवली आणि तीस माणसांना तुझे हातमोजे घालून खुंटी फिरवायला लावली. फिरते, पण नऊपैकी सहा यंत्रांत ती कुठे थांबली ते हाताला कळतच नाही. धाडणं आणि शोधणं यांच्यात फरक फक्त बाजूला छापलेल्या शब्दाचा. म्हणून मी एक नवं कलम लिहिलं: हातमोजा घालून, न वाचता, दहा सेकंदांत यंत्र शोधण्यावर आणता आलं पाहिजे.

कारखानदारांतर्फे एक गृहस्थ समितीत आहेत. टाय इतका घट्ट बांधतात की बोलताना मान वळत नाही, अख्खे वळतात. ते म्हणाले, "हा हातमोजा घरगुती आहे, आणि ही अडचण काल्पनिक." अध्यक्षबाईंनी मला सांगितलं, खरी घडलेली एक घटना आण, साक्षीसकट. नाहीतर कलम गळेल. मतदान पाच फेब्रुवारीला.

काकू, पुढचं वाचताना थांबावंसं वाटलं तर थांबा.

मी जुने अहवाल काढले. त्यात आपल्या वळणावरचा, तीन हिवाळ्यांपूर्वीचा अहवालही आहे. काका ज्यात गेले तो. त्यात एकच ओळ आहे: "यंत्रांत गोंधळ झाल्याने शोधास विलंब." यंत्र बिघडलं असं कुठेच लिहिलेलं नाही. मला वाटतं, शोधणाऱ्यांपैकी कुणाचं तरी यंत्र धाडण्यावरच राहिलं, आणि बाकीच्यांची यंत्रं काकांऐवजी त्यालाच शोधत बसली. आजी, तू त्या ट्रकमध्ये होतीस. तो वेंधळा कोण होता? त्याचा जबाब मिळाला तर माझं कलम कुणी हलवू शकणार नाही.

तुझी भिंगरी

&nbsp;

डेपोमागची खोली,
११ डिसेंबर

भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. थंडी बरी आहे. डेपोचं छप्पर नव्याने घातलं, आता आधीपेक्षा जास्त गळतं. नवा मुकादम शिट्टी वाजवून माणसं बोलावतो. एकदा माझ्यासाठी वाजवली. मी त्याला विचारलं, दात दुखतो का रे. तेव्हापासून नाव घेऊन हाक मारतो.

तुझ्या समितीतल्या टायवाल्याला सांग, टाय सैल केला तर डोक्याकडे रक्त जाईल.

त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. बर्फ होता. बर्फात काय दिसतं.

आजी

(भिंगरी, हा मजकूर माझा, आजी पाणी तापवायला उठल्या आहेत. तुझं पत्र वाचल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष नाही. काल मला "बाई, तू बस, मी झाडते" म्हणाल्या. त्या कुणाला बस म्हणत नाहीत. आणि मला यंत्र बिघडलं होतं असंच सांगितलं होतं. तेव्हाच्या मुकादमांनी स्वतः येऊन. तो माणूस कोण ते तुला कळलं तर मलाही कळव. - काकू)

&nbsp;

चाचणीघर,
२० डिसेंबर

आजी,

तुला सतरा वर्षांपूर्वी कोणत्या ड्रायव्हरने मीठ जास्त म्हटलं ते आठवतं, आणि तो दिवस आठवत नाही? जुन्या मुकादमांना वाचवतेस का? ते निवृत्त होऊन गेले, त्यांना कुणी काही करणार नाही. मला कुणाला शिक्षा करायची नाही गं. मला खुंटी बदलायची आहे.

इथे हवा फिरते आहे. टायवाल्यांनी सोपा तोडगा काढलाय. यंत्राला हात लावायचा नाही, माहितीपत्रकात एक ओळ वाढवायची: "ज्यांना वाचता येत नाही त्यांनी हे यंत्र वापरू नये." अर्ध्या समितीने माना डोलावल्या. अध्यक्षबाईसुद्धा म्हणाल्या की साक्ष नसेल तर माझा नाइलाज आहे.

मी हटणार नाही. पण हातात काही तरी दे.

भिंगरी

&nbsp;

डेपोमागची खोली,
२ जानेवारी

भिंगरी,

शिवणवाली समोर बसली आहे. आज पेन मध्येच खाली ठेवावंसं वाटलं तर ठेव, असं मी तिला आधीच सांगितलंय. ती म्हणते, "असं काय सांगणार आहात आजी?" मी दुसरं कुणी लिहिणारं शोधायला तीन आठवडे घालवले. डेपोच्या कारकुनाने लिहिलं असतं. पण तिच्यापाशी न बोलता ही गोष्ट कागदावर गेली, तर मी दुसऱ्यांदा तेच केलं असं होईल.

तू शोधतेस तो वेंधळा म्हणजे मी.

टिकटिके वाटले त्या दिवशी साहेबाने विचारलं, सगळ्यांना कळलं ना? मी मान हलवली. न वाचता येणाऱ्याची मान फार छान हलते, जन्मभराची सवय. मी खूण धरून ठेवली होती, दिवा लुकलुकला की यंत्र काम करतंय. कुठलं काम, ते शब्दात लिहिलेलं होतं.

त्या दिवशी हिचा नवरा, आपला वायरमन, खांबावरची तुटलेली तार बघायला आमच्या ट्रकमधून आला होता. ट्रक वळणाखाली थांबला, तो एकटा वर गेला. कडा सुटला आणि खांबासकट तो दिसेनासा झाला. मुकादम ओरडला, "शोधण्यावर घ्या!" मी खोळीच्या हातमोज्याने खुंटी फिरवली. टिचकी लागली. दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, शोधतोय बिचारा.

मग मी धावले. इकडे धावले, तिकडे धावले, जिथे बर्फ जाड दिसेल तिथे. आणि मुकादम आणि टोळीतले दोघे आपापली यंत्रं धरून माझ्यामागे. आकडा इकडे घटतो, तिकडे वाढतो. दोन ठिकाणी खणलं. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा होतो, एकेक खड्ड्यात जीव जातो. शेवटी मुकादम यंत्राकडे बघत बघत सरळ चालत आला आणि त्याचं यंत्र माझ्या छातीला लागलं. त्याने माझ्याकडे बघितलं. आपला हातमोजा काढला, उघड्या बोटांनी माझी खुंटी आणखी एक टिचकी फिरवली. बोलला काही नाही. निवृत्त होऊन गेला तोवर बोलला नाही. त्यानंतर सहा मिनिटांत वायरमन सापडला. पण तोवर

(इथे मी पेन ठेवते आहे.)

&nbsp;

७ जानेवारी

ती आज आली.

पाच दिवस भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता, रोजच्यापेक्षा जास्त. मी दार वाजवलं नाही. वाजवायला तोंड कुठे होतं. आज ती आपणहून आली, बसली, कागद सरळ केला आणि म्हणाली, "कुठवर आलो होतो?"

मी म्हटलं, "तोवर."

"तोवर काय?"

"तोवर उशीर झाला होता."

तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं असेल तर ते तिचं नाही, माझं समज.

आता पुढचं नीट ऐक, हे तुझ्या समितीसाठी आहे. तुमचा टायवाला म्हणतो, वाचता येत नाही त्याने यंत्र वापरू नये. त्याला विचार, वाचता न येणारा बर्फाखाली गाडला जात नाही, असं बर्फाला कुणी कळवलंय का? माझ्या गळ्यात यंत्र नसेल तर मला कोण शोधणार? आणि माझा हात कमी पडला, तर शेजारच्याला कोण? माझी चूक झाली. ती मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही. पण तीच चूक पुढच्या डबेवालीसाठी तयार करून ठेवायची नाही. हे सगळं कागदावर घाल, माझ्या नावाने घाल, मी अंगठा देते. म्हातारीच्या अब्रूची काळजी करू नकोस, ती आता जुन्या गोधडीसारखी आहे, धुतली तरी तेवढीच, नाही धुतली तरी तेवढीच.

आजी

(भिंगरी, मला राग आलाय. आजींचा की खुंटीचा, ते अजून ठरत नाही. पण कलम राहिलं पाहिजे. आणखी हातमोजे लागतील का? मापं कळव. - काकू)

&nbsp;

चाचणीघर,
१४ जानेवारी

आजी,

वेंधळा हा शब्द मी परत घेते. पत्रातून खोडता येत नाही, म्हणून इथे लिहून परत घेते.

तुझ्या गळ्यातलं ते यंत्र कोणतं होतं ते मी शोधून काढलं. आमच्या नऊमध्ये ते आहे. धाडणं आणि शोधणं यांच्यामध्ये आणखी एक टिचकी आहे, तिच्यावर यंत्र धाडतच राहतं; टिचक्यांमधलं अंतर पावणेदोन मिलिमीटर, लागतात सगळ्या सारख्याच, आणि दिवाही सगळीकडे लुकलुकतो. तीस माणसांपैकी एकोणीस जण तुझ्यासारखेच मधल्या टिचकीवर थांबले. ते एकोणीसही वाचू शकत होते, आजी. हातमोजा आणि घाई असली की कुणीच वाचत नाही.

जबाब अध्यक्षबाईंना दिला. त्यांनी तो उभ्याने वाचला. त्यांना वाटतं, तू स्वतः यावंस. पण एक अडचण आहे. टायवाल्यांनी नियम दाखवला की साक्षीदार माझी आजी असल्याने मी त्या वेळी खोलीत बसू शकत नाही आणि मतही देऊ शकत नाही. नियम बरोबर आहे. म्हणजे तुला एकटीने बोलावं लागेल.

काकू, मापं सोबत पाठवते. लहान, मध्यम, मोठं.

भिंगरी

&nbsp;

डेपोमागची खोली,
९ फेब्रुवारी

भिंगरीस आशीर्वाद.

परतीची बस गाठायच्या घाईत तुझ्याशी चार शब्दही झाले नाहीत. तू बाहेरच्या बाकावर नखं खात बसली होतीस, तेवढं बघितलं. नखं खाऊ नकोस, यंत्रांची टिचकी त्यांनीच लागते.

एकटीने बोलावं लागेल म्हणालीस. एकटी कुठली? ही होती ना बरोबर. दारातच टायवाल्याने विचारलं, "या कोण?" मी म्हणायच्या आत हिनेच सांगितलं, "वायरमनची बायको. आजींची लेखनिक." तो बाजूला झाला. अख्खा वळून.

जबाब हिने वाचला. न थांबता वाचला, "तोवर उशीर झाला होता" इथपर्यंत. मग खाली बसली. टायवाला म्हणाला, "फार वाईट झालं, पण आजीबाई, हा दोष शिकवण्याचा आहे, यंत्राचा नाही." मी म्हटलं, "असेल दादा. जरा हात पुढे करा." आणि खोळीचे हातमोजे चढवले त्याच्या हातावर. ही चाचणीघरातून त्याच्याच कारखान्याचं यंत्र मागून घेऊन आली होती, खुंटीशेजारच्या शब्दांवर कापडाची पट्टी चिकटवून. अध्यक्षबाईंच्या हातात दुसरं यंत्र दिलं, शोधण्यावर लावलेलं. मी ओरडले, अगदी मुकादमासारखं, "शोधण्यावर घ्या!"

खुर्चीवरून दोघं दचकून उठले. टायवाल्याने खुंटी फिरवली, टिचकी लागली, दिवा लुकलुकला. म्हणाला, "घ्या, शोधतोय." आणि अध्यक्षबाईंनी आपलं यंत्र त्याच्याजवळ नेलं तसा आकडा घटत घटत एकवर आला.

सगळी खोली त्याच्याकडे बघायला लागली. कुणी हसलं नाही. सगळे असे बघतात तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत आहे, भिंगरी. म्हणून मी जवळ गेले आणि त्याची खुंटी आणखी एक टिचकी फिरवून दिली. मुकादमाने माझी दिली होती तशी, काही न बोलता. बरं, फार वेळ नाही राहवलं.

तो म्हणाला, "शब्द झाकले नसते तर जमलं असतं."

मी म्हटलं, "दादा, माझ्यासाठी ते जन्मभर झाकलेलेच आहेत."

त्यानंतर आम्हाला बाहेर पाठवलं. बसमध्ये ही खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतरायच्या आधी म्हणाली, "आजी, राग खुंटीचा होता. बहुतेक." बहुतेक म्हणाली. मी त्यावर समाधान मानलं आहे.

निकाल कळव. वाईट असला तरी कळव, मग मी पुन्हा येते.

आजी

&nbsp;

चाचणीघर,
३ मार्च

आजी, काकू,

निकाल लेखी हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज आला. सहा विरुद्ध चार. कलम राहिलं, जसंच्या तसं: हातमोजा घालून, न वाचता, दहा सेकंदांत. माहितीपत्रकातली ती ओळ गेली. सहामधलं एक मत टायवाल्यांचं. विचारलं तर म्हणाले, "घरी जाऊन डोळे मिटून पंधरा वेळा करून बघितलं. जमेना."

काकू, चाचणीसाठी कोणता हातमोजा वापरायचा हे सांगणारं एक परिशिष्ट जोडलंय. तीन मापं, आत लोकर, वर मेणकापड, तळव्याला चामडं. आकृती तुम्ही पाठवलेल्या कापडी नमुन्यावरून काढली आहे. आता जगात कुणालाही हे यंत्र विकायचं असेल तर आधी तुमचा हातमोजा घालावा लागेल.

नव्या नियमाप्रमाणे केलेली पहिली दोन नमुना यंत्रं सोबत पाठवते. खुंटी आडवी म्हणजे धाडणं, उभी म्हणजे शोधणं. आजी, मला तुझ्या हाताची चाचणी हवी आहे. कळव.

भिंगरी

&nbsp;

डेपोमागची खोली,
१५ मार्च

भिंगरीस आशीर्वाद. आज चापट नाही.

यंत्रं आली. मी हिला म्हटलं, बाई, एक धाडण्यावर लाव आणि कुठेतरी लपव, मी शोधते. कोळशात लपव, पिठाच्या डब्यात लपव, तुला वाटेल तिथे. ती तिच्या घरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं, विसरली. मग दारात उभी राहून म्हणाली, "या."

मी खोळीचे हातमोजे घातले, डोळे मिटले आणि खुंटी फिरवली. हातमोज्यातून कळलं, गं. कोंबडीने चोच उभी करावी तशी ती उभी राहिली. डोळे उघडले तेव्हा आकडा होता सोळा. अंगणातून गेले तर वाढला. मागे फिरले. तिच्या दारात बारा, मशीनपाशी सात. कॉटच्या बाजूला चार. मग वाकले, माझे गुडघे काय म्हणाले ते ही लिहिणार नाही. कॉटखाली पत्र्याची पेटी. एक. पेटी ओढली, उघडली. वर चादरी, खाली चादरी, आणि मध्ये घडी घालून ठेवलेला वायरमनचा कोट. तीन हिवाळे ती पेटी उघडलेली नव्हती, मला माहीत होतं. यंत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं.

मी तसाच हात ठेवून बसले. ही मागे उभी होती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. म्हणाली, "सापडला, आजी." आणि मग, "चार मिनिटं."

लिही म्हटलं. चार मिनिटं, हातमोजा घालून, न वाचता.

आजी

(तीन मिनिटं पन्नास सेकंद. नोंद बरोबर गेली पाहिजे. - काकू)